रात्रीचा दवाखाना, सकाळचं बिल: नाशिकच्या माजी सैनिकांसाठी आपत्कालीन उपचाराचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात आमच्या रेजिमेंटमधल्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा घरी आला. हातातली कापडी पिशवी त्याने टेबलावर उपडी केली आणि म्हणाला, "काका, एवढं सगळं जोडलं, तरी क्लेम परत आला." वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती. घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात, पैसे भरून. पिशवीत बिलं होती, पावत्या होत्या, ईसीजीच्या पट्ट्या होत्या, रात्री बाहेरच्या टपरीवर घेतलेल्या चहा-बिस्किटांची चिठ्ठीसुद्धा होती. दोन कागद मात्र नव्हते. रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आणला होता असं डॉक्टरने लिहून दिलेलं इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि पॉलिक्लिनिकला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्याला, वेळेत कळवल्याचा पुरावा.

मी तोफखान्यात क्लार्क होतो. तोफ कधी डागली नाही, पण फाईल परत का येते हे मला बरोबर कळतं. देवळाली, नाशिकरोड, भगूर, विहितगाव या पट्ट्यात आमच्यासारखे निवृत्त फौजी गल्लोगल्ली आहेत, ओझरकडे हवाईदलातले आहेत, आणि सिन्नर-निफाड-येवल्याच्या गावागावांत तर विचारूच नका. त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटतं, बिलाचा विचार डिस्चार्ज मिळेल तेव्हा करू. तोवर उशीर झालेला असतो. आपल्याला किती भरावं लागणार आणि त्यातलं किती परत मिळणार, हे पहिल्या दोन दिवसांतच ठरून जातं. कुठल्या दारातून आत गेलात आणि कुठला कागद मागून घेतलात, यावर सगळं असतं.

आधी आपण कशात बसतो ते बघा

एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, म्हणजे आपली ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. ती मुख्यतः पेन्शनर माजी सैनिकांसाठी, त्यांच्या पत्नीसाठी आणि अवलंबितांसाठी आहे. सैनिक गेल्यावर फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीलाही ती चालते. शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठराविक वर्षांच्याच नोकरीच्या, काही अधिकाऱ्यांना २०१९ मध्ये यात घेतलं गेलं. पाच-सात वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय बाहेर पडलेले जवान मात्र यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे, तो शेवटी सांगतो.

कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं. "साहेबांचं कार्ड आहे ना, मग झालं" असं म्हणणाऱ्या वहिनी मी पाहिल्यात. तुमच्या आईला दाखल करायचं असेल तर आईच्या नावाचं कार्ड लागतं, आणि आई-वडिलांच्या बाबतीत उत्पन्नाची अट असते: दोघांचं मिळून महिना ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, याच्या आत. मुलगा २५ वर्षांचा झाला, किंवा त्याआधी कमवायला लागला, की त्याचं नाव गळतं. नवीन कार्ड अजून हातात आलं नसेल तर अर्ज केल्याची तात्पुरती स्लिप चालते. ती जपून ठेवा.

कार्डावर वॉर्डची पात्रताही ठरलेली असते. रिक्रूट ते हवालदार जनरल वॉर्ड, नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत आणि ऑनररी लेफ्टनंट-कॅप्टन सेमी-प्रायव्हेट, अधिकारी प्रायव्हेट. नौदल आणि हवाईदलात समकक्ष हुद्द्यांना तेच. हे लक्षात ठेवायचं कारण असं की रात्री रिसेप्शनवर "जनरलमध्ये बेड नाही, डिलक्स देऊ का?" असं विचारतात आणि घाबरलेला मुलगा "द्या, द्या" म्हणतो. स्वतःहून वरचा वॉर्ड मागितला की फरक खिशातून जातो. बेड खरोखरच नसेल तर "पात्रतेचा बेड उपलब्ध नसल्याने वरच्या वॉर्डात ठेवले" असं हॉस्पिटलकडून लिहून घ्या.

ट्रंकेतली कागदपत्रं बाहेर काढा

आपल्या लोकांची एक खोड आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), ईसीएचएस कार्ड, सगळं काळ्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला नाहीतर उशाखाली. ज्याला झटका आलाय त्यालाच विचारावं लागतं की किल्ली कुठंय. एका घरी तर मी शेजाऱ्यांना ट्रंकेचं कुलूप तोडताना पाहिलंय, बाहेर अँब्युलन्स उभी होती.

कार्ड पाकिटात ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो पत्नीच्या, मुलाच्या, सुनेच्या मोबाईलमध्ये टाका. पीपीओचं पहिलं पान, आधार आणि बँकेच्या पासबुकाचा फोटोही त्यातच. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा: पॉलिक्लिनिकचा फोन, १०८, ११२, ईसीएचएसची टोल फ्री हेल्पलाईन १८००-११४-११५, रोजच्या गोळ्या, आणि घराजवळच्या दोन एम्पॅनल्ड, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, हॉस्पिटलांची नावं.

ही दोन नावं ऐकीव माहितीवर लिहू नका. एम्पॅनल्ड हॉस्पिटलांची यादी बदलत असते, करार संपतात, काहींचे वाढतात. शिवाय एखादं हॉस्पिटल फक्त डोळ्यांसाठी किंवा फक्त हाडांसाठी एम्पॅनल्ड असतं. बाहेर पाटी मात्र सरसकट "ईसीएचएस सुविधा उपलब्ध" अशी. गोळ्या घ्यायला पॉलिक्लिनिकला जातोच आपण, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी तिथली यादी बघा, आणि हृदय, मेंदू, अपघात यांसाठी कोण आहे ते वेगळं विचारा.

रेफरलची वाट बघू नका

हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. फौजी माणूस ऑर्डरशिवाय हलत नाही. छातीत कळ येते शनिवारी रात्री, रविवारी पॉलिक्लिनिक बंद, आणि हा गडी सोमवारी सकाळी रेफरल, म्हणजे पॉलिक्लिनिकची पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घेऊन जाऊ म्हणून घरीच जेलुसिल घेत बसतो. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. आधी हॉस्पिटल, मग कागद.

इमर्जन्सी म्हणजे काय, हे ईसीएचएसने ठरवून दिलंय: हृदयाचा तीव्र त्रास, पक्षाघात, श्वास कोंडणं, पोटाचा अचानक तीव्र त्रास, जिवावर बेतलेल्या जखमा, भाजणं, रस्ता अपघात, विषबाधा, सर्पदंश, साखर एकदम बिघडणं, किडनी अचानक निकामी होणं, अंगभर पसरलेला गंभीर संसर्ग, उष्माघात. आणि शेवटी, उशीर झाला तर जीव किंवा अवयव जाईल अशी कुठलीही अवस्था. द्राक्षबागेत फवारणी करताना औषध अंगावर उडालं किंवा पोटात गेलं, तर तेही यातच. निफाड-दिंडोरीकडच्या आपल्या शेतकरी फौजींनी हे ध्यानात ठेवावं.

गुडघेदुखी वाढली, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, हर्निया दुखतोय, हे या यादीत नाही. त्यासाठी आधी पॉलिक्लिनिक, मगच पुढचं. रात्री जाऊन दाखल झालं म्हणून ती इमर्जन्सी होत नाही.

चार दारं

१०८ ला फोन लावला की जी गाडी येते ती महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे, आत डॉक्टर असतो. ती गाडी बहुतेक वेळा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, आणि इथे अनेक माजी सैनिकांच्या घरचे अडतात. "सिव्हिलला नको, खाजगीत न्या." भावना समजते. पण बिलाच्या दृष्टीने सिव्हिल हे पहिलं आणि सगळ्यात सोपं दार आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, आणि आपल्याकडचं संदर्भ सेवा रुग्णालयही त्यात येतं. केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत. तुम्ही माजी सैनिक आहात की नाही, कार्ड आहे की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये रात्री नेलं, ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं, रात्रभर आयसीयूत ठेवलं, तर बिल येत नाही. बिलच नाही तर क्लेमही नाही.

पण सिव्हिलमधून बाहेर पडताना दोन कागद सोडू नका: केस पेपर आणि, पुढे हलवलं असेल तर, रेफर केल्याची चिठ्ठी. हे मी मुद्दाम सांगतोय. सिन्नरहून किंवा निफाडहून पेशंट नाशिकला आणला, तर तालुक्याच्या सरकारी डॉक्टरने रात्री २ वाजता "हृदयविकाराचा झटका, तातडीने पुढे पाठवत आहोत" असं लिहून दिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी पुढच्या सगळ्या क्लेममध्ये सोन्यासारखी चालते. इमर्जन्सी होती हे सरकारी डॉक्टरनेच लिहिलेलं असतं, मग वाद कोण घालणार. एखादं औषध किंवा वस्तू बाहेरून आणायला सांगितली, तर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मेडिकलचं पक्कं बिल रुग्णाच्या नावाने घ्या.

महापालिकेची रुग्णालयं वेगळी. नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन, पंचवटीचं इंदिरा गांधी ही पालिकेची आहेत, राज्याच्या आरोग्य विभागाची नव्हेत, म्हणून २०२३ चा निर्णय त्यांना आपोआप लागू झाला असं धरून चालू नका. तिथे जे काही थोडंफार शुल्क लागेल त्याची छापील पावती घ्या. मुंबईला हलवलं, केईएमला किंवा टाटाला, तर तिथेही तेच. सरकारी रुग्णालयात भरलेले पैसे पॉलिक्लिनिकमार्फत परत मागता येतात, आणि पावती सरकारी असल्याने दर जास्त लावला की कमी, हा वाद तिथे सहसा निघत नाही.

दुसरं दार देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल, म्हणजे एमएच. आमच्या पिढीला एमएचचा जो विश्वास आहे तो दुसऱ्या कशाचा नाही. माजी सैनिकाला तिथे जागा आणि सोय असेल त्याप्रमाणे उपचार मिळतात, पैसे लागत नाहीत. गेटवर कार्ड दाखवावं लागतं, म्हणून परत तेच, कार्ड पाकिटात. एमएचमधून बाहेर पाठवायची वेळ आली तर तोंडी निरोपावर निघू नका, लेखी रेफरल घ्या. तो कागद असला की पुढच्या एम्पॅनल्ड हॉस्पिटलात रेफरलचा प्रश्नच येत नाही.

तिसरं दार एम्पॅनल्ड खाजगी हॉस्पिटल. इथे नियम असा आहे की कार्ड दाखवल्यावर इमर्जन्सीत दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही, आणि ४८ तासांच्या आत हॉस्पिटलने ऑनलाईन प्रणालीवर इमर्जन्सीची माहिती टाकायची. पॉलिक्लिनिक ती तपासून मान्यता देतं. बिल हॉस्पिटल थेट बिल प्रोसेसिंग एजन्सीकडे पाठवतं, सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने. तुमच्या हातात बिल येतं ते सही करण्यापुरतं.

प्रत्यक्षात काउंटरवर काय ऐकू येतं? "ईसीएचएसचे पैसे थकलेत, तुम्ही सध्या पन्नास हजार भरा, नंतर ॲडजस्ट करू." थकबाकी खरी असते, दोन्ही बाजूंनी त्याबद्दल कुरकुर ऐकली आहे मी. पण ती हॉस्पिटल आणि ईसीएचएस यांच्यातली गोष्ट आहे. अशा वेळी भांडत बसू नका, पेशंट आत जाऊ द्या. मग शांतपणे म्हणा, "डिपॉझिट मागताय तसं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या." बहुतेक ठिकाणी हे वाक्य ऐकल्यावर मॅनेजरला बोलावतात. तरीही नाही ऐकलं तर पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (प्रभारी अधिकाऱ्यांना) फोन, नाहीतर हेल्पलाईन. पैसे भरावेच लागले तर पावतीवर "ॲडव्हान्स, ईसीएचएस रुग्ण" असं लिहून घ्या. साधी रोख पावती घेतलीत तर नंतर हॉस्पिटल म्हणेल, हे तर स्वतःहून पैसे देऊन आले होते.

चौथं दार नॉन-एम्पॅनल्ड खाजगी हॉस्पिटल. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचे वडील याच दारातून आत गेले होते. चूक काही नव्हती. जवळचं तेच होतं, आणि इमर्जन्सीत ते चालतं. फक्त तिथे आधी पैसे आपण भरायचे आणि मग परत मागायचे, म्हणून कागदाची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

पहिले ४८ तास

नॉन-एम्पॅनल्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. पेशंट आयसीयूत असतो, बायकोचं लक्ष काचेतून आत, मुलगा ब्लड बँकेत. हे काम कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्याच एका माणसाला हे काम नेमून द्या. जावई असो, पुतण्या असो, गल्लीतला माझ्यासारखा कुणी रिकामटेकडा निवृत्त क्लार्क असो.

नुसता फोन पुरत नाही. फोन करा, मग ईमेलही करा. मजकूर चार ओळींचा: कार्ड नंबर, पेशंटचं नाव आणि नातं, कुठल्या हॉस्पिटलात किती वाजता दाखल, काय झालंय, कुठल्या कारणाने तिथे नेलं. सोबत कार्डाचा फोटो आणि दाखल केल्याचा कागद. पाठवलेल्या ईमेलची प्रिंट काढून ठेवा. जवळ असाल तर देवळालीच्या पॉलिक्लिनिकला स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बंद असेल तरी ईमेल त्याच दिवशी जाऊ द्या, वेळ त्यावर आपोआप छापली जाते.

कारण लिहिताना खरं आणि नेमकं लिहा. "चांगलं हॉस्पिटल म्हणून नेलं" असं लिहिलंत तर क्लेमचा जीव तिथेच जातो. "रात्री १.३० वाजता छातीत तीव्र वेदना, घाम, रक्तदाब कमी, एम्पॅनल्ड हॉस्पिटल ११ किलोमीटरवर, हे २ किलोमीटरवर" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

पॉलिक्लिनिककडून कुणी येऊन पेशंटला बघून जाऊ शकतं. त्याला चहा पाजा, फाईल दाखवा. आणि पेशंटची तब्येत स्थिर झाली की त्याला एमएचला किंवा एम्पॅनल्ड हॉस्पिटलात हलवणं अपेक्षित असतं. स्थिर झाल्यावरही तिथेच आठ दिवस राहिलात तर त्या दिवसांच्या खर्चावर प्रश्न येतो. हलवणं धोक्याचं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून "रुग्णाला हलवणे सध्या योग्य नाही" असं तारखेसह लिहून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटर सोडण्याआधी

सगळ्यांना घरी जायची घाई असते. पण याच अर्ध्या तासात जे मागाल ते मिळेल, नंतर आठ चकरा माराव्या लागतील. डॉक्टरांची बदली होते, मेडिकल रेकॉर्डवाला सुट्टीवर जातो, शिक्का कपाटात बंद असतो.

इमर्जन्सी सर्टिफिकेट, मूळ प्रत, डॉक्टरची सही, नाव, नोंदणी क्रमांक आणि हॉस्पिटलचा शिक्का असलेलं. त्यात पेशंट कुठल्या अवस्थेत आला आणि तातडीच्या उपचाराशिवाय जिवाला धोका होता, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. "इमर्जन्सी ॲडमिशन" एवढे दोन शब्द पुरत नाहीत. डिस्चार्ज समरी, ज्यात दाखल होण्याची आणि सुटण्याची वेळ असेल. फायनल बिल आणि त्याची फोड: बेड किती दिवस, डॉक्टर व्हिजिट किती, ऑपरेशन, तपासण्या, औषधं वेगवेगळी. "पॅकेज दोन लाख चाळीस हजार" असं एका ओळीचं बिल घेऊन आलात तर पॉलिक्लिनिकमधून परत फिरावं लागतं. पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या, सगळे रिपोर्ट. स्टेंट, पेसमेकर, सांधा असं काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर आणि कंपनीचं बिल. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, त्यामुळे स्टिकरवरची किंमत आणि बिलातली किंमत तिथेच ताडून बघा.

बिल वाचा. खरंच वाचा. माझ्या मेहुण्याच्या बिलात एकदा एकाच दिवशी सात वेळा रक्तातली साखर तपासल्याची नोंद होती, आणि त्या दिवशी दुपारी त्याला सोडलं होतं. काउंटरवरच्या मुलीने बघितलं, "ओह" म्हणाली आणि पाच काढून टाकल्या. एम्पॅनल्ड हॉस्पिटलात पैसे तुम्ही देत नसलात तरी सही तुमची असते. कोऱ्या बिलावर, कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. "सर, घाई आहे, नंतर भरतो" असं कुणी म्हटलं तर खुर्ची ओढून बसा.

बिल पूर्ण भरायला पैसे कमी पडतायत म्हणून पेशंटला अडवून ठेवणं हॉस्पिटलला चालत नाही, मृतदेह तर नाहीच. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते भिंतीवर कुठे लावलंय ते शोधा. बऱ्याचदा कुंडीच्या मागे असतं.

क्लेमची फाईल कशी बांधायची

नॉन-एम्पॅनल्डचा क्लेम तुमच्या पॉलिक्लिनिकमध्ये जातो. फाईल मी अशी बांधतो. सगळ्यात वर अर्ज, ज्यात काय झालं ते एका पानात, तारीख-वेळेसह. मग पॉलिक्लिनिकमध्ये मिळणारा कंटिन्जंट बिलाचा, म्हणजे खर्च परत मागण्याचा, फॉर्म. मग इमर्जन्सी सर्टिफिकेट, कळवल्याची पोच किंवा ईमेलची प्रिंट, डिस्चार्ज समरी, मूळ बिलं आणि पावत्या तारखेच्या क्रमाने, रिपोर्ट, स्टिकर, कार्डाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक. प्रत्येक पानावर पेन्सिलने नंबर आणि वर एक यादी. औषधांच्या बिलांवर डॉक्टरची चिठ्ठी त्या त्या बिलाच्या मागे लावलेली. मूळ कागद जाणार, म्हणून सगळ्याची एक पूर्ण झेरॉक्स घरी, आणि देताना पोच घेतलीच पाहिजे. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांत फाईल द्यायची असं मनाशी ठरवा. "दिवाळी झाली की बघू" म्हटलं की औषधांच्या बिलांची शाई उडते, थर्मल पेपरच तो. त्याची लगेच झेरॉक्स काढून मूळ बिलाला जोडून ठेवा.

पेशंट दगावला असेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. दुःखाच्या दिवसांत हे काम कुणी करत नाही, म्हणून तेराव्यानंतर लगेच एखाद्या जवळच्या माणसाने हातात घ्यावं. एखादं मूळ बिल हरवलं असेल तर प्रतिज्ञापत्र करून दुसरी प्रत जोडता येते.

परत किती मिळणार

इथेच लोकांचा गैरसमज असतो आणि मग चिडचिड. परत मिळतात ते सीजीएचएसच्या दराप्रमाणे किंवा प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, यातलं जे कमी असेल ते. हे दर बरीच वर्षं जुनेच होते, सीजीएचएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते बदलले.

समजा खाजगी हॉस्पिटलने २ लाख लावले आणि त्या उपचाराचा सीजीएचएस दर तुमच्या वॉर्डप्रमाणे १ लाख २० हजार निघाला, तर १ लाख २० हजार मिळतील. उरलेले ८० हजार गेले. समजा बिल ९० हजारच होतं, तर ९० हजार मिळतील, वरचे ३० नाहीत. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. टूथब्रश, पावडर, नातेवाईकांचं जेवण, टीव्ही, फोन असलं काही बिलात असेल तर ते वजा होतं, एम्पॅनल्डमध्येही ते आपल्यालाच द्यावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पेशंटची अवस्था साथ देत असेल आणि एम्पॅनल्ड हॉस्पिटल पाच-दहा मिनिटं लांब असेल, तर तिथे जा. अवस्था साथ देत नसेल तर सगळ्यात जवळचं दार गाठा, सरकारी असो की खाजगी, आणि मग वरचे कागद गोळा करा. जीव वाचवणारी दहा मिनिटं ८० हजारांपेक्षा मोलाची आहेत, पण ते ८० हजार उगीच घालवायचंही कारण नाही.

क्लेममधून कापून पैसे आले तर नेमकं काय कापलं ते विचारा. हरकत काढून फाईल परत आली असेल तर ती वाचा, उत्तर द्या, पुन्हा द्या. बरेच जण पहिल्या हरकतीला नशिबाला दोष देऊन फाईल ट्रंकेत टाकतात. त्या मुलाच्या बाबतीत आम्ही हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डमधून दाखल होतानाच्या नोटची प्रत काढली, डॉक्टरकडून सविस्तर सर्टिफिकेट घेतलं. आणि त्याच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या दिवशी पॉलिक्लिनिकला केलेला सहा मिनिटांचा कॉल सापडला, त्याचा स्क्रीनशॉट, पुरावा उशिरा दिल्याच्या खुलाशासोबत, जोडला.

अपघात, सत्तरी आणि पेन्शन नसलेले

रस्ता अपघात असेल तर आणखी एक आधार आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचाराची योजना लागू केली: एका जखमीला जास्तीत जास्त ७ दिवस आणि दीड लाख रुपयांपर्यंत. ती सगळ्यांना आहे. अपघातात पोलिसांची नोंद व्हायलाच हवी, ११२ ला फोन करा, हॉस्पिटलमधला एमएलसी (पोलिस केसच्या नोंदीचा) नंबर लिहून घ्या. ईसीएचएसच्या क्लेमलाही तो लागतो.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. गावात शिबिर लागतं, सगळे रांगेत उभे राहतात म्हणून आपणही राहतो. थांबा. ईसीएचएसच्या सदस्याला यापैकी एकच निवडायचं असतं, ईसीएचएस किंवा आयुष्मान. आयुष्मानला वर्षाला ५ लाखांची मर्यादा आहे. अंगठा लावण्याआधी घरी बसून विचार करा, पॉलिक्लिनिकमध्ये विचारा.

ज्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही, त्यांनी सिव्हिल-संदर्भचं मोफत दार आधी वापरावं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता ५ लाखांपर्यंत आहे आणि राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे. तिच्या हॉस्पिटलांची माहिती १५५३८८ वर मिळते. या योजनेत हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, दाखल झाल्या झाल्या त्याला गाठायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. याशिवाय हवालदार आणि त्याखालच्या बिगर-पेन्शनर माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून वैद्यकीय खर्चासाठी अनुदान मिळतं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, आणि तिथेही डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, पावत्या, हेच मागतात.